फवारणीचा ड्रोन आणि विमानतळाचे आकाश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येते. धावपट्टीच्या टोकापासून आठ किलोमीटरवर ते जमिनीपासून सुमारे ४२० मीटर उंच असते, चार किलोमीटरवर २१० मीटर आणि एक किलोमीटरवर जेमतेम ५० मीटर. घिरट्या घालून उतरणारे छोटे विमान किंवा हेलिकॉप्टर याहूनही खालून येऊ शकते. म्हणूनच विमानतळाभोवतीच्या आकाशात वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीशिवाय कोणी शिरायचे नाही, असा जगभर दंडक आहे. या भागाला नियंत्रित हवाई क्षेत्र म्हणतात. त्याच्या सीमा आणि नियम अधूनमधून बदलतात, आणि बदलांचा भार मोठ्या विमान कंपन्यांपेक्षा स्वतःच्या हिमतीवर उडणाऱ्या लहान वैमानिकावर अधिक पडतो.

लातूर-नांदेड पट्ट्यात स्वतःचे विमान बाळगणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. ड्रोनचा वैमानिक मात्र आता गावोगावी दिसतो. जळकोट तालुक्यात सोयाबीन आणि तुरीवर फवारणी करणारा तरुण, बचत गटाच्या ड्रोनवर प्रशिक्षण घेतलेली महिला, लग्नाचे चित्रीकरण करणारा छायाचित्रकार हे सारे कायद्याच्या भाषेत ‘रिमोट पायलट’ आहेत. त्यांच्या आकाशाचे नियम २०२१ मध्ये मुळापासून बदलले. बदल चांगला होता, पण त्याची माहिती बांधापर्यंत नीट पोहोचली नाही. त्यातून दोन परस्परविरोधी समजुती रूढ झाल्या: एक, ड्रोनला सगळीकडे बंदी आहे, दुसरी, आता सगळे मोकळे झाले आहे.

‘विमानतळ असलेल्या जिल्ह्यात ड्रोन उडवताच येत नाही’

ही समजूत जुन्या नियमांची सावली आहे. पूर्वी विमानतळापासून ४५ किलोमीटरपर्यंतचा प्रदेश पिवळ्या क्षेत्रात, म्हणजे परवानगी लागणाऱ्या क्षेत्रात धरला जाई. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू केले आणि ही मर्यादा १२ किलोमीटरवर आणली. अंतर चौपटीच्या आसपास घटले, पण क्षेत्रफळातला फरक त्याहून फार मोठा आहे. ४५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ६,३६० चौरस किलोमीटरचे, तर १२ किलोमीटरचे अवघे ४५० चौरस किलोमीटरचे होते. एका विमानतळामागे चौदा हिश्श्यांतले तेरा हिस्से मोकळे झाले.

नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंघजी विमानतळापासून लोहा आणि कंधार ही गावे हवाई अंतराने ४५ किलोमीटरच्या आत येतात. लातूर विमानतळापासून औसा आणि रेणापूर. जुन्या वर्तुळात सापडलेली ही गावे नव्या वर्तुळाच्या बाहेर आहेत. जळकोटची गोष्ट वेगळी. ते नांदेड विमानतळापासून सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर, लातूर विमानतळापासून ८० च्या आसपास आणि बीदरच्या हवाई दल तळापासून त्याहून थोडे दूर आहे. विमानतळाच्या अंतरामुळे जळकोटच्या शिवारावर ना जुन्या नियमाने बंधन येत होते, ना नव्याने येते. तरीही ‘लातूर जिल्ह्यात विमानतळ आहे, म्हणून आपल्याकडे चालत नाही’ असे तेथे ऐकू येते, तेव्हा त्यामागे नियम नसून नियमाची ऐकीव आवृत्ती असते.

‘फवारणीचा ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर उडतो, त्याला हवाई क्षेत्र कसले?’

फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरून जातो हे खरे. आकाश वरती कुठेतरी सुरू होते, खालच्या हवेवर विमानखात्याचा हक्क नाही, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. नियमांनी आकाशाची तीन रंगांत विभागणी केली असून त्यात अंतर आणि उंची दोन्ही एकत्र पाहायचे असतात.

चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत पिवळे क्षेत्र थेट जमिनीपासून सुरू होते. तेथे एक मीटर उंचीवरच्या उड्डाणालाही संबंधित हवाई वाहतूक नियंत्रणाची पूर्वपरवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत, हिरवे क्षेत्र असते आणि त्याच्या वर पिवळे. बारा किलोमीटरच्या पलीकडे, दुसरे काही बंधन नसेल तर, ४०० फुटांपर्यंत म्हणजे १२० मीटरपर्यंत हिरवे. त्याहून वर पुन्हा पिवळे. हिरव्या क्षेत्रात ५०० किलोपर्यंत वजनाच्या ड्रोनला उड्डाणाची परवानगी मागावी लागत नाही. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज पाऊलही टाकता येत नाही. लष्करी आणि संवेदनशील ठिकाणे त्यात येतात.

सुरुवातीला दिलेला उताराचा हिशेब येथे उपयोगी पडतो. आठ किलोमीटरवर उतरणारे विमान ४२० मीटर उंच असेल, तर त्याखाली ६० मीटरपर्यंतची हवा ड्रोनला देताना मध्ये भरपूर अंतर उरते. जवळ येऊ तसे हे अंतर झपाट्याने आटत जाते, आणि त्यात वाऱ्याचा झोत, ड्रोनचा संपर्क तुटणे, पक्षी टाळण्यासाठी वैमानिकाने घेतलेले वळण या शक्यता मिळवल्या की आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच बंधन का, हे समजते. नांदेड शहराचा बहुतेक भाग या आतल्या वर्तुळात बसतो. म्हणजे नांदेडमधल्या मंगल कार्यालयावर ड्रोन उडवणारा छायाचित्रकार आणि जळकोटच्या शिवारातला फवारणी करणारा तरुण यांच्या डोक्यावरचे आकाश कायद्याने सारखे नाही.

‘आठ किलोमीटर म्हणजे रस्त्याने आठ किलोमीटर’

अंतर मोजायचे ते सरळ रेषेत आणि विमानतळाच्या हद्दीपासून. प्रवासी इमारतीपासून किंवा धावपट्टीच्या मध्यापासून ते मोजत नाहीत. वळणावळणाच्या रस्त्याने पंधरा किलोमीटर दूर असलेले शेत सरळ रेषेत अकरा किलोमीटरवर असू शकते. नांदेडहून अर्धापूरकडच्या केळीच्या पट्ट्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण वर्तुळाची कड त्याच बाजूच्या शिवारांजवळून जाते. कोणते शेत कोणत्या रंगात हे अंदाजाने ठरवण्याचे कारणच नाही. २४ सप्टेंबर २०२१ रोजी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी मंचावर देशाचा ड्रोन नकाशा खुला झाला आणि तो कोणालाही पाहता येतो.

‘नियमित विमानसेवा नाही, म्हणजे विमानतळ बंद’

लातूरच्या बाबतीत हा समज विशेष घट्ट आहे. नांदेडला २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी हैदराबादची सेवा मिळाली, म्हणून ते ‘खरे’ विमानतळ वाटते. लातूरला तिकीट काढून विमानात बसणारे प्रवासी दिसत नाहीत, म्हणून ते ओस पडले आहे असे गृहीत धरले जाते. पण धावपट्टी वापरात असण्यासाठी रोजच्या प्रवासी विमानाची गरज नसते. खासगी विमाने, मंत्र्यांची आणि उद्योजकांची ये-जा, रुग्णाला तातडीने हलवणारे विमान यांनाही तीच धावपट्टी लागते, आणि अशी उड्डाणे वेळापत्रकाशिवाय येत असल्याने ड्रोनचालकाला त्यांचा अंदाज अधिकच कमी असतो. नकाशावर तो भाग ज्या रंगात असेल, तोच पाळायचा. बीदरसारख्या हवाई दलाच्या तळाभोवती परवानगी देणारे अधिकारीही वेगळे असतात. तेथे अर्ज हवाई दलाकडे जातो.

‘खेळण्याएवढा ड्रोन कोण विचारतो?’

वजनाची सूट आणि जागेची सूट या दोन गोष्टींची येथे गल्लत होते. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, विम्याची सक्ती नाही. दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ड्रोन व्यावसायिक कामासाठी नसेल, तर त्याच्या चालकालाही प्रमाणपत्राची गरज नाही. पण पिवळ्या आणि लाल क्षेत्राचे बंधन ड्रोनच्या आकारावर अवलंबून नाही. खिशात मावणारा ड्रोनही विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. विमानाच्या इंजिनात किंवा हेलिकॉप्टरच्या पात्यात शिरणारी पाव किलोची वस्तू किरकोळ राहत नाही.

याची दुसरी बाजू हिरव्या क्षेत्रात दिसते. ‘हिरवा रंग म्हणजे काहीच नको’ असे मानून विनानोंदणीचे ड्रोन शेतात उतरवले जातात. हिरव्या क्षेत्रात सुटका होते ती फक्त उड्डाणाच्या परवानगीपासून. दहा लिटरची टाकी वाहणारा फवारणी ड्रोन दोन ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ गटात मोडतो. त्याला नोंदणी आणि विशिष्ट ओळख क्रमांक, मान्य नमुन्याचे प्रमाणपत्र, त्रयस्थ विमा आणि चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हे सगळे लागते, शेत स्वतःचे असले तरीही. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, शिक्षण दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण या अटी आहेत. ते दहा वर्षे चालते. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने आधीचा ‘परवाना’ रद्द होऊन हे प्रमाणपत्र आले, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांतला परवान्याचा उल्लेख आता लागू नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांसाठी १५,००० ड्रोन ठरवण्यात आले. किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाख रुपये, मदत आणि पंधरा दिवसांचे प्रशिक्षण असा तिचा आराखडा ठरला. गटाच्या नावावर ड्रोन आला म्हणजे गटातल्या कोणीही तो उडवावा असे नाही. उडवणार ती प्रमाणपत्र असलेली सदस्यच.

‘नकाशा एकदा पाहिला की काम झाले’

सर्वांत धोक्याचा गैरसमज हाच, कारण तो नियम माहीत असलेल्या माणसाचाही घात करतो. नकाशा बदलू शकतो. केंद्र सरकार एखाद्या भागाचा रंग बदलू शकते. असा बदल नकाशावर आल्यानंतर किमान सात दिवसांनी अमलात येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. असे नवे विमानतळ ‘चालू’ झाले की त्याच्या हद्दीभोवती, पनवेल-उलवे परिसरासारख्या दाट वस्तीतही, तीच आठ आणि बारा किलोमीटरची मोजपट्टी लागते. मराठवाड्यात बंद धावपट्टी पुन्हा चालू झाली किंवा हद्द वाढली, तरी तेच.

याखेरीज तात्पुरते लाल क्षेत्र असते. पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाचा अधिकारी तातडीच्या कारणासाठी एखाद्या भागावर एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास ड्रोनबंदी लावू शकतो आणि ती नकाशावर दाखवावी लागते. मोठा मेळावा, महत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा, तणावाची स्थिती ही त्याची नेहमीची निमित्ते. विमानतळापासून ६० किलोमीटर दूर असलेल्या जळकोटलाही ही बंदी लागू होऊ शकते. निवडणुकीच्या प्रचारात शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरते तेव्हा तेथे विमानतळ नसले तरी माणसे घेऊन येणारे यान असते, आणि माणसे असलेल्या विमानाला वाट देणे हे ड्रोनचालकावर सर्वकाळ बंधनकारक आहे. जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीही ड्रोनबंदीचे आदेश काढते. ते आदेश वर्तमानपत्रात आणि पोलीस ठाण्यात कळतात, म्हणून नकाशाबरोबर तीही चौकशी लागते. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी घबराट पसरली होती. अशा दिवसांत फवारणीला निघण्यापूर्वी गावच्या पोलीस पाटलाला कल्पना देणे हा नियमाचा भाग नसला तरी शहाणपणाचा आहे.

‘हीच वर्तुळे विमानांनाही लागू आहेत’

डिजिटल स्कायचा नकाशा फक्त ड्रोनसाठी आहे. खासगी वैमानिकाचा परवाना घेऊन छोटे विमान चालवणाऱ्याला वेगळी चौकट पाळावी लागते. त्याच्यासाठी हवाई क्षेत्राचे बदल वैमानिकी माहितीग्रंथात २८ दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चक्राने प्रसिद्ध होतात, आणि अचानकचे बदल ‘नोटॅम’ या सूचनेतून. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला भारतात सूर्यास्तानंतर सहसा मुभा नाही, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे तर हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो.

वाढत्या नियंत्रित आकाशाचा या वैमानिकांवर काय परिणाम होतो, हे मुंबईच्या जुहू विमानतळाने दाखवून दिले आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो जुहूवरच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधल्या शिक्षणानंतर. पुढे जुहूच्या शेजारीच सांताक्रूझचे विमानतळ वाढत गेले आणि शिकाऊ विमानाला फेऱ्या मारण्यापुरती मोकळी हवाही जुहूवर दुर्मीळ झाली. बॉम्बे फ्लाइंग क्लबला प्रशिक्षणासाठी धुळ्याची धावपट्टी धरावी लागली. बारामती, धुळे, जळगाव येथे विमान शिकवणाऱ्या संस्था दिसतात, त्यामागे स्वस्त जागेइतकेच मोकळ्या आकाशाचेही कारण आहे.

‘चूक झालीच तर ड्रोन जप्त होईल, आणखी काय?’

नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून इतर कायद्यांखालची कारवाई वेगळी होते. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर त्याची माहिती देणे बंधनकारक आहे. शेतात पडलेला ड्रोन गुपचूप उचलून नेल्याने ही जबाबदारी टळत नाही. पिवळ्या क्षेत्रात परवानगीविना झालेल्या उड्डाणात तिसऱ्या माणसाला इजा झाली, तर विम्याचा दावाही वादात सापडू शकतो आणि भरपाई चालकाच्या किंवा बचत गटाच्या खिशातून जाण्याची वेळ येते.