जखमेतील जंतूची जनुकीय ओळख

पित्ताशय दुर्बिणीने काढून रोगी दोन-चार दिवसांत घरी येतो. टाके निघतात, जखमा सुकतात, घरची मंडळी निर्धास्त होतात. आणि महिना-दीड महिन्याने बेंबीजवळच्या व्रणाखाली गाठ धरून तीतून पाणी झिरपू लागते. नेहमीच्या प्रतिजैविकांनी गुण येत नाही. पू तपासणीस पाठवावा, तर ‘जंतू वाढले नाहीत’ असा अहवाल हाती पडतो.

२०२३ साली पांढुर्णा व सौसर हे तालुके मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. तरी अशा गुंतागुंतीच्या दुखण्यात आपल्याकडील कुटुंबे नागपूरचीच वाट धरतात. म्हणून या विषयाची थोडी माहिती असलेली बरी.

या चिवट दुखण्यामागे कित्येकदा क्षयजंतूचे दूरचे भाऊबंद असतात. ते पाण्यात व मातीत राहतात आणि उपकरणे नीट निर्जंतुक झाली नाहीत, तर जखमेत शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्षयजंतूसारखेच दिसतात. साहजिकच क्षयाची औषधे सुरू होतात. परंतु यांतील अनेक जातींवर ती चालत नाहीत आणि महिने वाया जातात.

येथे जनुकक्रमाचे वाचन साह्यास येते. प्रत्येक जीवाणूत ‘सोळा-एस’ नावाचे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक असते. त्याचा काही भाग सर्वांत सारखा, तर काही जातीगणिक निराळा असतो. १९७७ साली फ्रेडरिक सँगर यांनी डीएनए वाचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी कार्ल वूज यांनी या रेणूच्या तुलनेवरून जीवसृष्टीची एक नवी शाखा दाखवून दिली. आज जखमेतील ऊतीमधून हे जनुक वाचून ज्ञात जंतूंशी ताडून पाहता येते. जंतू वाढविण्याची गरज उरत नाही. अगदी जवळच्या जाती ओळखण्यास मात्र आणखी काही जनुके वाचावी लागतात.

ही परीक्षा सर्वज्ञ नव्हे. मेलेल्या जंतूचे अवशेषही तीत उमटतात, बाहेरची भेसळ दिशाभूल करते आणि कोणते औषध लागू पडेल हे पुरतेपणी कळत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पाहण्याची जुनी पद्धत आजही हवीच. शिवाय ही सोय सर्वत्र नाही व खर्चही बराच येतो.

तेव्हा वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे. भरलेली जखम पुन्हा वाहू लागल्यास उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. शस्त्रक्रियेचे कागद घेऊन शल्यविशारदाकडे जावे आणि औषध बदलण्यापूर्वी ऊतीचा नमुना घेता येईल काय, हे विनयाने पण स्पष्टपणे विचारावे. शत्रूचे नाव कळले, म्हणजे अर्धी लढाई जिंकली.