चकचकीत म्हणजे अस्सल नव्हे: जुन्या रायफलकडून पुराव्याचा धडा

सव्वाशे वर्षांपूर्वीची एखादी रायफल कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच आज आहे का, हे कसं ठरवायचं? प्रश्न संग्राहकांचा आहे, पण तो सोडवायची रीत आपल्या कामाची आहे. समोर एक वस्तू, हातात एक कागद आणि त्यावर उभा केलेला एक दावा. संशोधनात आपल्यापुढे तरी दुसरं काय असतं?

उदाहरण घेऊया अमेरिकेतल्या विंचेस्टर मॉडेल १८७३ चं. या रायफली सुमारे ७,२०,००० बनल्या, म्हणजे नुसतं मॉडेल काही दुर्मीळ नाही. तरी त्यातल्या काहींना इतरांच्या कितीतरी पट किंमत येते. ती तीन गोष्टींवर ठरते: तो विशिष्ट प्रकार किती विरळ आहे, स्थिती कशी आहे आणि मूळपण किती शाबूत आहे. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे.

१. विरळपणा: नावावर जाऊ नका. १८७५ च्या कॅटलॉगमध्ये कंपनीने जाहीर केलं की, ज्या नळ्यांचा नेम चाचणीत असामान्य अचूक ठरेल त्या बाजूला काढू, त्यांच्या रायफली खास सजवू आणि ‘हजारात एक’ अशी खूण करून १०० डॉलरला विकू. आता नावावरून हिशेब केला तर अशा सुमारे ७२० रायफली हव्यात. प्रत्यक्षात या मॉडेलमध्ये बनल्या सुमारे १३०. ‘हजारात एक’ हे जाहिरातीतलं नाव होतं, मोजणी नव्हती. तुमच्या डेटामधल्या रकान्याचं शीर्षक आणि त्यात खरोखर मोजलेली गोष्ट यांतही असंच अंतर असू शकतं.

२. कागद: तो कशाबद्दल बोलतो? विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत. सिरियल नंबर कळवला आणि त्याची नोंद उपलब्ध असली, तर ती रायफल कारखान्यातून कोणत्या स्वरूपात निघाली याचं पत्र मिळतं. पुरावा भक्कमच. पण हे पत्र त्या *नंबराबद्दल* बोलतं, आज टेबलावर असलेल्या पोलादाबद्दल नाही. नळी बदलली तरी नंबर तोच राहतो. शिवाय बनावट करणारा माणूस नोंदीशी जुळेल असंच काम करतो ना! म्हणून कागद जुळणं ही पहिली पायरी झाली, निकाल नव्हे.

३. धातू आणि लाकूड: इथे खरी तपासणी. पोलादावरचा निळसर-काळा थर, म्हणजे ब्लूइंग, जिथे हात लागतो तिथे आधी झिजतो: नळीचं तोंड, मधला धरायचा भाग. झीज वापराशी जुळते का, ते बघायचं. पुन्हा पॉलिश केलेल्या रायफलीत कडा गोलसर होतात, ठसवलेली अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या दबतात. गंजाच्या खड्ड्यांच्या आतही ब्लूइंग दिसलं, तर थर गंजानंतर चढला हे उघड आहे. दस्त्याचं लाकूड धातूच्या पातळीखाली गेलं असेल, तर ते घासलं गेलंय.

म्हणूनच आजोबांची रायफल कुणी हौसेने ‘नवी’ करून आणली की संग्राहक हळहळतो. पैसे तर गेलेच, पण जो थर साक्ष देत होता तोही गेला. नवा थर चढवता येतो, मूळ थर परत आणता येत नाही.

याउलट एक गोष्ट बघा. नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एक मॉडेल १८७३ जुनिपरच्या झाडाला टेकून उभी सापडली. नळी गंजलेली, दस्ता तडकलेला. नोंदीतून कळलं की ती १८८२ मध्ये कारखान्यातून रवाना झाली होती. कोणाकडे, ते मात्र नोंदीत नव्हतं. पुढे दस्त्याच्या आत एक काडतूस सापडलं, १८८७ ते १९११ या काळात बनलेल्या प्रकारचं. म्हणजे ती रायफल झाडापाशी १८८७ च्या आधी ठेवलेली नसणार. हे कागदाने नाही, वस्तूने सांगितलं. तज्ज्ञांनीही ती चकचकीत केली नाही, फक्त पुढची झीज थांबवली.

आता तुमच्या कामाकडे या. प्रत्येक पुराव्यापुढे दोन ओळी लिहा: हा नेमका कशाबद्दल बोलतो, आणि कशाबद्दल गप्प आहे? आणि डेटा ‘स्वच्छ’ करायला घेण्याआधी मूळ फाइलची एक प्रत न उघडता बाजूला ठेवा. विचित्र वाटणारी नोंद ही घाण आहे की दस्त्यातलं काडतूस, हे पहिल्याच दिवशी कळत नाही.