झोका, हादरा आणि थरथर : स्पोर्ट्स मोटारीच्या सस्पेन्शन-नियंत्रकाची सुधारणा

यंत्राच्या एखाद्या भागाला पडलेले नाव त्या भागाचे कार्य सांगतेच असे नाही; कित्येकदा ते कार्य झाकून ठेवते. मोटारीच्या चाकाजवळ बसविलेल्या तेलाच्या नळकांड्याला 'शॉक ॲब्सॉर्बर', म्हणजे धक्का शोषून घेणारा, असे म्हणतात. वस्तुतः धक्का प्रथम झेलतात ते टायर आणि स्प्रिंग. स्प्रिंग दबते, धक्क्यातील ऊर्जा साठविते आणि लगेच परत करू लागते. तिला कोणी आवरले नाही, तर एका खड्ड्यानंतर मोटार बराच वेळ वरखाली होत राहील. तेलाला अरुंद छिद्रांतून वाट काढावयास लावून ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घालविणे, हे त्या नळकांड्याचे खरे काम होय. यास्तव त्याला 'शमक' म्हणणे अधिक यथार्थ ठरेल आणि प्रस्तुत लेखात तोच शब्द योजिला आहे. 'सस्पेन्शन' हा शब्द मात्र तसाच ठेविला आहे. कारण 'निलंबन' या पर्यायाने वाचकाच्या डोळ्यांपुढे मोटार उभी न राहता कामावरून दूर केलेला अधिकारी उभा राहतो.

हा प्रश्न केवळ कोशकारापुरता नाही. पुण्यातील एखाद्या स्पोर्ट्स मोटारीचा मालक 'गाडी फार कडक आहे, धक्के बसतात' अशी तक्रार घेऊन जातो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बदलला की गाडी 'मऊ' होईल, असे त्याला सांगण्यात येते. खर्च थोडाथोडका नसतो. परंतु 'कडक', 'मऊ' आणि 'धक्का' हे तीनही शब्द इतके ढोबळ आहेत, की त्यांच्या आधारे केलेली सुधारणा यशस्वी झाली तरी ती योगायोगानेच होईल. 'धक्का' या एका शब्दाखाली निदान तीन निराळ्या क्रिया दडलेल्या आहेत. सुदैवाने मराठीत त्यांच्यासाठी तीन निराळे शब्द आहेत.

पहिला झोका. स्प्रिंगांवर तोललेला मोटारीचा सांगाडा सेकंदाला साधारणतः एक ते दीड आंदोलने करतो. स्पोर्ट्स मोटारीच्या स्प्रिंगा ताठ असल्याने हा आकडा दोनच्या आसपास जातो. दुसरा हादरा. सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातील उभी कंपने बसलेल्या माणसाच्या धडाला व पोटाला सर्वांत अधिक जाणवतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २६३१ क्रमांकाच्या मानकात या पट्ट्याला म्हणूनच विशेष वजन दिलेले आहे. तिसरी थरथर. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सापडलेले चाक स्वतः सेकंदाला दहा ते पंधरा वेळा नाचू पाहते. ही थरथर सुकाणूचक्रातून हाताला आणि तळातून पायाला कळते. या तिघांच्या खालीही एक पट्टा आहे. सेकंदाला अर्ध्याहून कमी अशा संथ हेलकाव्यांनी प्रवाशाला मळमळ होते. गाडी वाटेल तितकी मऊ केली म्हणजे सुख वाढते, ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून दिसेल.

खरी अडचण अशी की या क्रियांवरचे उपाय परस्परविरोधी आहेत. झोका लवकर थांबवावयाचा तर शमकाचा विरोध वाढवावा लागतो. पण विरोध वाढविलेला शमक जलद हालचालीत जवळजवळ ताठ दांड्यासारखा वागतो आणि रस्त्याचा हादरा सरळ आसनापर्यंत पोहोचवितो. उलट विरोध फार कमी केला, तर हादरा कमी होतो. परंतु झोके लांबतात, चाक रस्त्यावर नाचू लागते आणि ज्या क्षणी ते रस्ता सोडते त्या क्षणी ब्रेक व वळण या दोहोंचा आधार जातो. ज्याच्या छिद्रांचा आकार कायमचा ठरलेला आहे, असा साधा शमक म्हणजे या ओढाताणीत केलेली तडजोड होय.

पुण्याच्या परिसरातील दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. गतिरोधक कसा असावा याविषयी इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या मार्गदर्शिकेत माप सांगितले आहे : १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, ३·७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची, ओलांडण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. या वेगाने चाकाला तो उंचवटा पार करण्यास अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. हे अर्धे आंदोलन मानले, तर त्याची गती सेकंदाला सुमारे एक भरते. म्हणजे हा गतिरोधक झोका देतो. आता गल्लीच्या तोंडाशी घातलेला, केवळ ३० सेंटिमीटर रुंदीचा उभा उंचवटा घ्यावा. त्याच वेगाने तो ओलांडण्यास सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहून किंचितच अधिक वेळ लागतो, आणि त्याच हिशेबाने गती सेकंदाला बाराच्या घरात जाते. तो थेट चाकालाच नाचवितो. दोहोंना लोकभाषेत 'स्पीडब्रेकर' हे एकच नाव असले, तरी शमकाच्या दृष्टीने ते दोन अगदी भिन्न पदार्थ आहेत.

दुसरे उदाहरण २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे. सिमेंट-काँक्रीटच्या रस्त्यात आडवे सांधे साधारणतः साडेचार मीटर अंतरावर असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार असे सांधे सेकंदाला सुमारे सहा या प्रमाणात ओलांडते. सांधे बारीकसे उंचसखल असले, तर ही संख्या नेमकी माणसाच्या धडाला बोचणाऱ्या पट्ट्यात पडते. रस्ता दिसावयास सपाट आणि तरीही प्रवास थकविणारा, या अनुभवाचे एक कारण असे साधे गणिती आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने तोच आकडा चारच्या खाली येतो.

कायम तडजोडीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे शमकाचा विरोध क्षणोक्षणी बदलणे. अशा शमकात तेलाची वाट रुंद वा अरुंद करणारा, विजेच्या प्रवाहाने हलणारा व्हॉल्व्ह असतो. काही शमकांत व्हॉल्व्हऐवजी लोहकण मिसळलेले तेलच चुंबकक्षेत्राने दाट केले जाते. ही पद्धत २००२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. सांगाड्याचा प्रवेग, चाकाची उंची, सुकाणूचा कोन, ब्रेकचा दाब व मोटारीचा वेग यांची वार्ता संवेदकांकडून नियंत्रकाकडे येते, आणि प्रत्येक शमकाला किती प्रवाह द्यावयाचा हे नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा ठरवितो.

तो ठरवितो कसा? कार्नोप, क्रॉस्बी आणि हारवुड या अभियंत्यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना यास आधारभूत आहे. सांगाडा आणि आकाश यांच्यामध्ये एक शमक टांगता आला असता, तर रस्ता कसाही असो, सांगाडा स्थिर राहिला असता. असा शमक अशक्य आहे. पण चाकाजवळच्या शमकाकडून त्याचे सोंग पुष्कळ अंशी वठविता येते. सांगाडा वर जात असून चाकापासून दूर होत असेल, तर शमक त्याला खाली ओढतो. तेव्हा विरोध वाढवावा. सांगाडा वर जात असून चाक त्याहून वेगाने वर येत असेल, तर शमक त्याला आणखी वर ढकलतो. तेव्हा विरोध कमी करावा. खाली जाताना हाच नियम उलट लावावा. या पद्धतीला इंग्रजीत 'स्कायहुक', म्हणजे आकाशातील आकडा, असे नाव आहे. 'शॉक ॲब्सॉर्बर' हे नाव खऱ्या वस्तूविषयी खोटे सांगते. 'स्कायहुक' हे नाव नसलेल्या वस्तूचे असूनही यंत्राचे खरे वर्म सांगते.

आता सुधारणेकडे वळता येईल. पोर्शे कंपनीने २००४ पासून आपल्या ९११ मोटारीच्या नव्या पिढीत असे नियंत्रित शमक दिले. त्यांत चालकाला 'नॉर्मल' आणि 'स्पोर्ट' असे दोन पर्याय होते. अशा मोटारींच्या मूळ नियंत्रकाच्या जागी, त्याच जोडणीत बसणारे स्वतंत्र नियंत्रक पुढे अमेरिकेत तयार होऊ लागले. त्यांत वेग, ब्रेक, वळण आणि शमकाच्या हालचालीची गती यांनुसार किती विरोध द्यावा याची कोष्टके असतात, व ती संगणकावरून बदलता येतात. शमक, स्प्रिंग, टायर हे सर्व जुनेच राहते. बदलतो तो केवळ निर्णय. ज्या रस्त्यांसाठी मूळ निर्णय बांधला गेला ते रस्ते, जर्मनीतील नूर्बुर्गरिंगची शर्यतवाट काय किंवा तेथील महामार्ग काय, पुण्याच्या रस्त्यांहून निराळे असल्याने निर्णय नव्याने बांधण्यास वाव आहे, यात शंका नाही.

परंतु या सुधारणेच्या मर्यादा ध्यानी घ्यावयास हव्यात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असता जो किमान विरोध उरतो, त्याच्या खाली कोणताही नियंत्रक जाऊ शकत नाही. स्प्रिंगचा ताठपणा, टायरच्या कडेची उंची, झिजलेले बुश आणि गळणारा शमक यांवरही त्याचा अधिकार चालत नाही. यास्तव टायरमधील हवा, बुश आणि शमक यांची तपासणी प्रथम व्हावी, नंतर नियंत्रकाचा विचार. दुसरे असे की सांधा ओलांडताना विरोध उतरविणारा नियंत्रक जोराचा ब्रेक लागताच किंवा सुकाणू एकाएकी वळताच तो तत्काळ चढवितो की नाही, हे पाहिले पाहिजे. न चढविल्यास आसनाचे सुख प्राणाशी गाठ घालील. वीजपुरवठा तुटला असता शमक कोणत्या स्थितीत स्थिरावेल आणि दोष दाखविणारा दिवा पूर्वीप्रमाणे लागेल काय, हेही बदलण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न होत.

कायद्याचाही विचार टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. एखादा नियंत्रक या कक्षेत येतो की नाही, याचा उलगडा प्रादेशिक परिवहन कार्यालय, निर्माता आणि विमा कंपनी यांच्याकडून आधीच करून घेणे शहाणपणाचे होय.

या विषयाचे ज्ञान पुण्याला परके नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या करीत आली आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी शमकच बनविते व तिचा एक कारखाना चाकणला आहे. महिंद्र कंपनीने २०२४ मध्ये पुढे आणलेली 'बीई ६' ही विजेवरची मोटारही चाकणलाच तयार होते, आणि तिच्या वरच्या प्रकारात नियंत्रित शमक आहेत. ती रूढ अर्थाने स्पोर्ट्स मोटार नव्हे. तथापि नियंत्रकाचा निर्णय येथल्याच रस्त्यांच्या सान्निध्यात बांधण्याची सोय तिच्या निमित्ताने उपलब्ध झाली आहे.

अभियंता आंदोलनांचे आकडे जाणतो, मालक आपल्या पाठीचे दुःख जाणतो. या दोहोंमध्ये दुवा असतो तो शब्दांचा. 'धक्के बसतात' एवढेच सांगणाऱ्या मालकाची गाडी सरसकट मऊ केली जाईल, आणि हादऱ्याच्या जागी झोका येईल. तोच मालक 'मोठ्या गतिरोधकानंतर गाडी दोनतीन झोके घेते', 'द्रुतगती मार्गावर पोटात हादरे बसतात' किंवा 'अरुंद उंचवट्यावर चाक थरथरते' असे सांगेल, तर कोष्टकातील कोणत्या ओळीला हात लावावयाचा हे कारागिराला निम्मे कळलेले असेल. पहिल्या तक्रारीत संथ हालचालीतील विरोध वाढवावयाचा, दुसरीत मधल्या पट्ट्यातील उतरवावयाचा, तिसरीत टायरची हवा व बुश आधी पाहावयाचे. एका वेळी एकच आकडा बदलावा, त्याच रस्त्याने त्याच वेगाने पुन्हा जावे आणि आधीची व नंतरची नोंद शेजारी शेजारी ठेवावी. असे केल्यास नियंत्रकावर केलेला खर्च कोठे कारणी लागला आणि कोठे नाही, हे मालकाला स्वतःच सांगता येईल.