दुष्काळांतील ओली वैरण : बिनकांटेरी निवडुंग

पाऊस एक वर्ष चुकला तर धान्य परप्रांतांतून आणतां येतें. गोण्यांत भरलेली ज्वारी आगगाडीनें भुसावळास किंवा धुळ्यास उतरते व तेथून पाहिजे त्या गांवीं पोंचते. वैरणीचें तसें नाहीं. कडबा जागा फार अडवितो, किंमतीच्या मानानें त्याचें भाडें जबर पडतें, आणि ज्या वर्षीं तो आपल्याकडे नसतो त्या वर्षीं तो शेजारच्या जिल्ह्यांतहि बहुधा नसतो. म्हणून दुष्काळाचा पहिला घाव गोठ्यावर पडतो. फाल्गुन-चैत्रांत बैल मिळेल त्या किंमतीस विकला जातो, दुभतें जनावर आटतें, आणि पुढें मृगाचा पाऊस चांगला लागला तरी औतास जोडण्यास दावणीला बैल नसतो. एका वर्षाची अवर्षणाची आपत्ति अशा रीतीनें दोन वर्षांची होते.

खानदेशास हा अनुभव नवा नाहीं. इ. स. १८९९–१९०० सालचा, संवत १९५६ वरून व्यापारी मंडळींत ‘छप्पन्या’ या नांवानें स्मरणांत राहिलेला दुष्काळ गुजराथ व खानदेश या दोन्ही प्रांतांतील गुराढोरांस काळ ठरला. १९७२ चें अवर्षण सर्व महाराष्ट्रानें सोसलें. आणि त्यानंतरहि, २०१३ व २०१९ सालीं, राज्यांत ठिकठिकाणीं जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. अशा प्रसंगीं दात्यांनीं दिलेला पैसा बहुतेक महाग कडबा विकत घेण्यांत खर्च होतो. त्याच पैशाचा थोडा भाग सुकाळांत एका वनस्पतीच्या लागवडीकडे वळविला तर काय साधेल, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

जुना फड्या व त्याचा अंत

निवडुंगाचा फड्या नांवाचा प्रकार आपल्या लोकांस परिचित आहे. नागाच्या फडेप्रमाणें चपट्या अवयवांचें हें झाड मूळचें अमेरिका खंडांतील. आपल्याकडे तें कुंपणास लावलें गेलें आणि माळरानावर आपोआप पसरलें. एकोणिसाव्या शतकांतील दुष्काळांत दख्खनच्या शेतकऱ्यांनीं त्याचे कांटे जाळून तें गुरांस घातलें. परंतु घाईनें भाजलेल्या फड्यावर बारीक कुसें शिल्लक राहतात. तीं जनावराच्या जिभेंत व आंतड्यांत रुतून दुखापत करतात. शिवाय या झाडानें चांगली जमीन व्यापली, रस्ते अडविले, म्हणून लोक त्यास कंटाळलेहि होते.

इ. स. १९२६ मध्यें लंकेंतून एक किडा दक्षिण हिंदुस्थानांत मुद्दाम आणून या निवडुंगावर सोडण्यांत आला. हा किडा फड्यांतील रस शोषतो व अंगाभोंवतीं पांढऱ्या कापसासारखें आवरण करतो. चिरडल्यास त्यांतून किरमिजी रंग निघतो. थोड्याच वर्षांत त्यानें मैलचे मैल निवडुंग वाळवून टाकले. शेतीस तो लाभ झाला यांत संशय नाहीं. पण त्याबरोबर दुष्काळांतील एक फुकटची ओली वैरणहि गेली. ती आतां आपोआप मिळणार नाहीं. बेतानें लावली तरच मिळेल.

कोणता निवडुंग लावावा

लावावयाचा तो रानटी फड्या नव्हे. मेक्सिकोच्या बाजूचा, मोठ्या फड्यांचा व जवळजवळ बिनकांटेरी असा एक जातिभेद आहे. अमेरिकेंतील प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ ल्यूथर बरबँक यांनीं १९०७ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत बिनकांटेरी निवडुंगाचा मोठा पुरस्कार केला. आज ब्राझीलच्या ईशान्य भागांतील अवर्षणाच्या मुलुखांत लक्षावधि एकर जमीन याच कुळांतील निवडुंगाखालीं असून तेथील गाईबकऱ्या त्यावर उन्हाळा काढतात. आपल्या देशांत जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, झांशी येथील चारा संशोधन संस्था आणि पुण्याजवळ उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं स्थापिलेली बायफ ही संस्था यांनीं या निवडुंगाची लागवड करून पाहिली आहे. बेणें अशाच माहितीच्या ठिकाणाहून आणावें. रस्त्याकडेचें आणूं नये.

तो कमी पाण्यावर कसा जगतो

इतर झाडें पानांवरील सूक्ष्म छिद्रें दिवसा उघडतात व त्या वाटें त्यांचें पाणी उडून जातें. निवडुंग आपलीं छिद्रें रात्रीं, हवा गार असतां उघडतो व दिवसा मिटून घेतो. ज्यास आपण त्याचें पान म्हणतों तें वस्तुतः खोड असून त्यांत चिकट रसाच्या रूपानें पाणी सांठविलेलें असतें.

थंडीविषयीं कित्येकांस शंका वाटते. रावेर-यावलकडे पौषांतल्या कडाक्यानें केळीच्या बागा करपतात, मग परदेशचें हें झाड टिकेल काय? याच कुळांतील कांहीं जाती कॅनडाच्या दक्षिण टोकापर्यंत बर्फाखालीं हिवाळा काढतात. थंडी पडूं लागली कीं त्या आपल्या अंगांतील पाणी कमी करतात, सुरकुततात व जमिनीवर आडव्या पडतात. वसंत आला म्हणजे पुन्हा उभ्या राहतात. वैरणीचा बिनकांटेरी निवडुंग इतका कणखर नसला तरी शून्याखालचे दोन-चार अंश सोसतो. खानदेशची थंडी त्यास मारीत नाहीं. त्याचे खरे शत्रु दोन : मुळांशीं सांचलेलें पाणी, आणि वैशाखांतील तापलेल्या रात्री, ज्या वेळीं त्याची वाढ थांबते.

लागवड

तापीकांठची काळी, चिकण जमीन या झाडासाठीं नाहीं. तींत मुळें कुजतात, आणि ती कपाशी-केळीच्या उपयोगाची आहे. साक्री, शिंदखेडें, पारोळें, अमळनेर, चाळीसगांव या तालुक्यांतील मुरमाड उतार, बांध व पडीक पट्टे हीच याची जागा.

एक वर्षाचा, निरोगी फडा सांध्यापाशीं धारदार कोयत्यानें तोडावा आणि दोन-तीन आठवडे सावलींत पसरून ठेवावा. जखम वाळून तिच्यावर खपली धरल्यावांचून लावल्यास तो सडतो. पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनांत, किंवा मग फाल्गुनांत, फड्याचा सुमारें अर्धा भाग जमिनींत उभा पुरावा. दोन झाडांत एक मीटर व दोन ओळींत दोन मीटर अंतर असावें. एकरीं सुमारें २००० झाडें बसतात. पहिल्या उन्हाळ्यांत पंधरवड्यानें थोडें पाणी द्यावें. दोन वर्षें एकहि फडा तोडूं नये. पुढें तोडतांना मूळ फडा व त्यावरचा पहिला थर राखून वरचेच घ्यावे.

ज्यांस शेत नाहीं अशा शहरांतील गृहस्थांनाहि यांत भाग घेतां येतो. तळाशीं भोंक असलेल्या कुंडींत निम्मा मुरूम किंवा वाळू व निम्मी माती घालून फडा लावावा. आठ-दहा दिवसांनीं पाणी पुरे. पावसाळ्यांत कुंडी वळचणीखालीं ठेवावी व हिंवाळ्यांत पाणी जवळजवळ बंद करावें. गच्चीवरच्या वीस कुंड्यांतून दोन वर्षांत बांधाच्या एका ओळीपुरतें बेणें सहज निघतें.

जनावरांस कसा घालावा

यांत गैरसमज होऊं नये : निवडुंग हा कडब्याची जागा घेत नाहीं, तो कडबा पुरवून खाण्यास मदत करतो. फड्यांत दहांतील सुमारें नऊ भाग पाणीच असतें. बैलास रोज २० किलो फडा घातला तर १८ लिटरांच्या आसपास पाणी त्याच्या पोटांत जातें, आणि ज्या गांवीं टँकरची वाट पाहावी लागते तेथें हा लाभ लहान नव्हे. परंतु पौष्टिक अंश थोडा व प्रथिनें फारच थोडीं असल्यानें नुसत्या निवडुंगावर जनावर हगवणीनें खंगतें. म्हणून फड्याचे बोटभर तुकडे करून ते कडब्याच्या कुटींत किंवा भुशांत मिसळावे, त्यावर मूठभर सरकीची पेंड व चिमूटभर मीठ घालावें. आरंभ दोन-तीन किलोंनीं करून आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावें.

हिशेबी वाचकांसाठीं एक अंदाज देतों. समजा, बांधावर ५०० झाडें आहेत व तिसऱ्या वर्षीं प्रत्येकावरून केवळ पांच किलो फडे मिळाले. एकूण २५०० किलो झाले. रोज २० किलोप्रमाणें एका बैलाचे १२५ दिवस, म्हणजे माघापासून मृगापर्यंतचा कठीण काळ, त्यानें सुसह्य होईल.

सावधगिरी

ज्या किड्यानें जुना फड्या नाहींसा केला तोच या नव्यावरहि येतो; मोरोक्कोंत २०१४ पासून त्यानें अशाच बागांचा मोठा नाश केला आहे. म्हणून महिन्यांतून एकदां ओळींतून फिरून पाहावें, आणि पांढरा कापूस दिसलेला फडा तोडून जाळावा. तसेंच तोडलेले तुकडे ओढ्यांत वा गायरानांत फेंकूं नयेत. पडेल तेथें मूळ धरणाऱ्या या कुळानें ऑस्ट्रेलियांत १९२५ च्या सुमारास कोट्यवधि एकर जमीन अडविली होती. बीं पडून उगवलेलीं रोपें पुष्कळदां पुन्हा कांटेरी निघतात. तीं वेळींच उपटावीं.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची चूक दुष्काळाच्या कामांत वारंवार होते. ही वैरण तयार होण्यास दोन वर्षें लागतात, आणि पाऊस चुकण्यापूर्वीं तो दोन वर्षें आगाऊ सूचना देत नाहीं. तेव्हां जमीनधारकांनीं बांधाची एक ओळ व पडीक मुरमाचा एक पट्टा द्यावा. व्यापारी गृहस्थांनीं बेण्याची एखादी गाडी व कुंपणाचा खर्च पत्करावा. आणि दात्यांनीं कडब्यासाठीं द्यावयाच्या शंभर रुपयांतील दहा या लागवडीकडे लावावे, अशी नम्र विनंति आहे. ज्याच्या दावणीला बैल टिकला, त्या शेतकऱ्यास पुढल्या मृगांत दुसऱ्याच्या दारीं जावें लागत नाहीं.