पदकाची कड वाचू या

आमच्या वर्गात एका मुलीने पणजोबांचे पदक आणले. आणण्यापूर्वी घरच्यांनी ते रांगोळीने घासून लख्ख केले होते. राजाचे नाक-कान झिजून सपाट झाले होते. कडेवरची अक्षरे मात्र थोडक्यात बचावली होती.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने दिलेले हे युद्धपदक. व्यास सुमारे ३६ मिलिमीटर. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले. सैनिकांना ते चांदीचे मिळाले, तर मजूर तुकड्यांतील अनेकांना ब्राँझचे. अशी लाखो पदके एकसारखीच. मग माणूस ओळखायचा कसा? कडेवरून! तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते.

चांदी काळी का पडते? हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. घासले की हा थर निघतो, पण त्यातली चांदीही त्याबरोबर जाते. दर दिवाळीला घासत राहिलो, तर एक दिवस नावही जाईल.

म्हणून पदक घासू नये. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून भिंगातून कड वाचावी, वहीत उतरवून घ्यावी. फीत काढू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवावे. रबर आणि लोकर यांत गंधक असते, ती जवळ नकोत.

आम्ही कडेवरचे नाव मोठ्याने वाचले. पणजोबांचे नाव त्या मुलीने त्या दिवशी प्रथमच ऐकले.