खंडेनवमी आणि काकांची जुनी रायफल

खंडेनवमीला आपल्या घरांत देवापुढे हत्यारे मांडली जातात. ऊस तोडायचा कोयता, सुताराचा रंधा, शिवणाचे यंत्र, आणि ज्या घरी शिकारीचा परवाना आहे तिथे बंदूकही. हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा कपाटात जाते. यंदा आमच्या काकांच्या रायफलीला फूल वाहताना सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता: हिला आता निवृत्त करावे की नाही?

वाचकहो, हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. मॉरिशसचे हरीण मूळचे इथले नव्हे. १६३९ साली डच गव्हर्नर आद्रियान व्हान डेर स्टेल याने ते जावाहून आणले. डच गेले, फ्रेंच आले, इंग्रज आले, १९६८ साली देश स्वतंत्र झाला. हरीण मात्र इथलेच होऊन राहिले. आपले पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर आले तेव्हा पारध, हाकारे, ठासणीची बंदूक हे शब्द त्यांना ठाऊकच होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार जवळजवळ थांबली. इथे मात्र जून ते सप्टेंबर या हंगामात ती कायद्याने चालते. मिराडोरवर नेमबाज बसतात, हाकारे आणि कुत्री रान उठवतात, आणि रविवारी घरोघरी हरणाच्या मटणाची कढी शिजते.

काकांनी आपली रायफल १९७४ मध्ये सेकंडहँड घेतली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत जेर्वेझ चक्रीवादळात घराचे छप्पर उडाले आणि ती दोन दिवस पाण्यात राहिली. काकांनी पुसून, तेल देऊन तिला वाचवली. पन्नास वर्षे ती चालली. मात्र गेल्या हंगामात त्यांची गोळी हरणाच्या पोटात लागली. कुत्री लावून अंधार पडेपर्यंत शोध केला, तेव्हा कुठे ते जनावर सापडले आणि त्याची सुटका झाली. घरी येताना काका एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचा नेम चुकणारा नव्हता. मग चूक कोणाची?

बंदूक म्हातारी झाली हे वर्षांवरून ठरत नाही. साध्या शिकारी काडतुसावर चांगल्या पोलादी नळीचा नेम साधारण तीन ते पाच हजार गोळ्या टिकतो. आपला शिकारी सरावासकट वर्षाला चाळीस गोळ्या झाडतो असे धरले, तर पन्नास वर्षांत दोन हजार होतात. म्हणजे झिजून मेलेली शिकारी रायफल विरळाच. आपल्या बेटावर तिचा खरा शत्रू गंज. समुद्राची खारी हवा, पावसाळी ओल, आणि त्यात जुनी लष्करी काडतुसे. त्या काडतुसांच्या टोपीतील दारू जळली की नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतील ओल ओढतो आणि पोलाद खातो. नुसत्या तेलाने हा क्षार जात नाही. आधी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून मगच तेल द्यावे लागते. ही गोष्ट कित्येकांना उशिरा कळली.

तेव्हा परीक्षा कशी करावी? पहिला नियम: बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

मग बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरावी. आतल्या खाचा स्वच्छ, धारदार दिसल्या तर उत्तम. काळे खड्डे दिसले तर गंज खोल गेला आहे. मध्येच कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगली आहे. अशी बंदूक त्याच दिवशी बंद करावी. नळीच्या तोंडाची कड ठेचली असेल तर गोळी बाहेर पडतानाच वाकडी जाते. ही मात्र कारागिराला दुरुस्त करता येते. दस्ता बोल्टच्या मागे, मनगटाच्या जागी, तडकलेला नाही ना, तेही पाहावे.

नंतर झाडलेली जुनी काडतुसे पाहावीत. पितळेवर बुडाजवळ चकचकीत वळे उमटले असेल किंवा तिथे चीर गेली असेल, तर बोल्ट आणि काडतुसाची कोठी यांतील अंतर वाढले आहे. हे अंतर डोळ्यांनी कळत नाही, बंदूक-कारागिराकडील मापानेच कळते. तोवर एकही गोळी झाडू नये. काडतूस मागच्या बाजूने फुटले तर गरम वायू थेट तोंडावर येतो.

चाप आणि सुरक्षा-खटका यांची परीक्षा तर दर हंगामाआधी हवीच. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट चढवून खटका लावावा, चाप ओढून सोडावा, मग खटका काढावा. खटका काढताच ‘टक्’ असा आवाज आला तर ती बंदूक चाप न ओढता सुटणारी आहे. बोल्ट जोराने पुढे मारल्यावर किंवा दस्त्यावर तळहाताने थाप दिल्यावर असा आवाज आला तरी तेच समजावे. रानात आपल्यापुढे हाकारे चालत असतात; तीही कुणाची तरी मुले आहेत. इथे भावनेला जागा नाही.

राहिला नेम. नळीला दोष देण्यापूर्वी स्क्रू आवळावेत, दुर्बिणीची बैठक पाहावी, नळीत साचलेले तांबे साफ करावे आणि ताजी, दोन निरनिराळ्या कंपन्यांची काडतुसे घ्यावीत. मग परवानगीच्या जागी, वाळूच्या पिशवीवर टेकवून, शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडाव्यात, नळी थंड होऊ देत. पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या तर बंदूक हरणाला योग्य आहे. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा जेमतेम वीतभर. गोळ्या त्याहून पसरल्या तर नेमबाज कितीही चांगला असो, जनावर जखमी होणारच. कागदावर भोके गोल न पडता लांबट पडली तर गोळी आडवी फिरते आहे, म्हणजे नळी संपली.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. पुष्कळदा म्हातारी झालेली असते ती बंदूक नव्हे, डोळा. पन्नाशीनंतर साध्या माशीवर नजर ठरत नाही. म्हणून रायफल दुसऱ्या भरवशाच्या परवानाधारकाच्या हाती देऊन पाहावी. त्याच्या गोळ्या एकत्र बसल्या तर दुर्बीण बसवली की भागते.

आमच्या काकांनी हे सारे केले. डोळा ठीक निघाला. नळीत खड्डे दिसले, गोळ्या दोन वितींवर पसरल्या आणि कारागिराने मापे लावून मान हलवली. दस्ता, स्प्रिंग, चाप, प्रसंगी नळीसुद्धा बदलता येते. पण मूळ सांगाडाच थकला, तर खर्च नव्या रायफलीच्या जवळ जातो आणि भरवसा येत नाही. शिवाय आपले बेट. काडतूस असो की सुटा भाग, सारे बाहेरून येते. जुन्या मापाची काडतुसे मिळेनाशी झाली, तर धडधाकट बंदूकही बसून राहते. नवी घेताना म्हणूनच आधी दुकानात कोणते काडतूस नेहमी मिळते ते विचारावे, आणि हंगामाला महिना असताना घ्यावी, म्हणजे सरावाला वेळ मिळतो.

निवृत्त रायफलीचे काय? ती आठवण म्हणून भिंतीवर टांगता येत नाही. गोळी झाडा किंवा न झाडा, कायद्याने ती शस्त्रच असते. परवाना माणसाच्या नावावर असतो; घर वारसाने मिळते, परवाना तसा मिळत नाही. म्हाताऱ्या माणसाने मागे हा घोळ ठेवू नये. हयातीतच पोलीस ठाण्यात विचारून ती जमा करावी, किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फत तिची विल्हेवाट लावावी.

खंडेनवमीला मी फूल वाहिले तेव्हा काका बाजूला उभे होते. मी म्हटले, “काका, अजून एक हंगाम ठेवू या का? तुमची इतक्या वर्षांची सोबत.”

काका म्हणाले, “नको रे पोरा. हिने आम्हाला पन्नास वर्षे जेवू घातले. आता हिच्या हातून एखाद्या जिवाचे हाल झाले, तर दोष तिचा नाही, माझा. ते हरीण मी विसरलो नाही.”

दसरा झाल्यावर आम्ही दोघे कागदपत्रे घेऊन ठाण्यावर गेलो. परतताना काकांनी तिचा जुना चामडी पट्टा तेवढा जवळ ठेवला. नव्या रायफलीला तो बसतो की नाही, ते पुढच्या हंगामाआधी पाहायचे आहे.