माळरान पडीक नसते

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळरानांविषयी एक समज शासकीय टिपणांत, वृक्षारोपणाच्या भाषणांत आणि सौर प्रकल्पांच्या प्रस्तावांत सारखाच आढळतो: ही भूमी मुळात घनदाट अरण्य होती, माणसांनी आणि मेंढरांनी ती उजाड केली, म्हणून तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म आणि प्रकल्प उभारणे हा निरुपद्रवी विकास होय. हा समज चुकीचा आहे, आणि पुरावे समोर असूनही तो दर पावसाळ्याच्या तोंडावर नव्याने मांडला जातो, हे खेदजनक आहे.

जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरील १९७६च्या जर्मन ग्रंथाच्या उपशीर्षकातच या दैवतांच्या उगमाबरोबर त्यांच्या परिसरालाही स्थान दिले, कारण धनगरांचे दैवत, त्यांची भटकंती आणि कमी पावसाचा गवताळ मुलूख यांचा विचार एकमेकांपासून तोडून करता येत नाही. यावर कोणी असे म्हणेल की दैवतकथा हा वनस्पतिशास्त्राचा पुरावा नव्हे. परंतु आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय व लोकगीते तपासली, तेव्हा त्यांत उल्लेखिलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ सॅव्हानाच्या, म्हणजे सलग गवत आणि विरळ झाडे असलेल्या परिसंस्थेच्या, निदर्शक निघाल्या. नेर्लेकर व सहकाऱ्यांच्या २०२२च्या अभ्यासात भारतीय द्वीपकल्पातील सॅव्हानांपुरत्याच मर्यादित अशा २०६ वनस्पतींची नोंद असून त्यांतील ४३ टक्के विज्ञानाला केवळ गेल्या दोन दशकांत ज्ञात झाल्या आहेत. ज्या भूमीत अजून नव्या जाती सापडतात, तिला रिकामी ठरवणे हे अज्ञान आहे.

या समजाचे मूळ महसुलात आहे. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, ही ब्रिटिशकालीन वर्गवारी आजच्या पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातही टिकली असून तेथे खुरटी झुडपे असलेली भूमी सरसकट पडीकच गणली जाते. मग त्या भूमीवर मध्य अमेरिकेतील ग्लिरिसिडिया लावला जातो, त्याच्या सावलीत कुसळी, पवन्या यांसारखी ऊन मागणारी गवते मागे हटतात, आणि माळढोक, तणमोर, धाविक व लांडगा यांचा अधिवास हिरवा दिसता दिसता संपतो.

झाडे लावण्याऐवजी ती काढणे हेही संरक्षण असू शकते: सोन्थायमर यांच्या हायडेलबर्गलगतच्या सांडहाउझन गावी, हिमयुगाच्या अखेरीस वाऱ्याने रचलेल्या आणि पाणी धरून न ठेवणाऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत. तेथील दुर्मीळ गवते व फुले टिकावीत म्हणून संरक्षित क्षेत्रात वाढणारी झाडेझुडपे मुद्दाम काढली जातात आणि जनावरे चारली जातात.

चराईने गवत नष्टच होते, हेही खरे नाही. मर्यादित, फिरती चराई गवताला मानवते. झाडांविना कार्बन साठत नाही, असे मानणेही चूक, कारण गवताळ प्रदेशात त्याचा मोठा साठा मुळांत आणि मातीत असतो.

संरक्षण म्हणजे विकासबंदी, हा समजही सोडावा लागेल: सौरपट्ट्या छतांवर, कालव्यांवर किंवा पूर्वीच नांगरून सोडलेल्या जमिनीवर बसवता येतात. मात्र जागा ठरवण्यापूर्वीची वनस्पतिपाहणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात व्हायला हवी, कारण माळावरील कंदवर्गीय आणि वर्षायू वनस्पती मे महिन्यात जमिनीखाली किंवा बीजरूपात असतात आणि त्या वेळी केलेल्या पाहणीत तेथे काहीच नसल्याची नोंद होते.